फासे-बिसे : ड्रुइडला ट्रेन का चालत नाही?

या वेळी पत्रांमधे एकच विषय निघालाय, जंगलवाले विरुद्ध यंत्रवाले. का ते माहीत नाही, बहुधा सुट्ट्यांमधे सगळ्यांनी ड्रुइड बनवलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून बोलून खेळायचा गेम, गोष्ट चालवतो तो डीएम, ड्रुइड म्हणजे निसर्गाकडून जादू मिळवणारा, जनावराचं रूप घेणारा, आणि पार्टी म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी. चला.

ताई, आम्ही घोडबंदर रोडला रविवारी खेळतो, मी डीएम, सेटिंग म्हणजे गोष्टीचं जग एबेरॉन. आमचा ड्रुइड कशालाच तयार होत नाही. लाइटनिंग रेल या तिथल्या रेल्वेत बसणार नाही, एअरशिप नको, परवा पार्टीने जादूचा कंदील घेतला तर म्हणे हेही निसर्गाविरुद्ध. सगळी पार्टी त्याच्यापायी पायी चालतेय आणि बाकीचे जाम वैतागलेत. काय करू?

आधी त्याला विचार, तू कुठल्या पंथाचा? कारण एबेरॉनमधे ड्रुइड असा एक पक्षच नाहीये, आणि हे सेटिंग २००४ मधे आलं तेव्हापासून त्याची खरी मजा तीच आहे. ॲशबाउंड म्हणून एक पंथ आहे, ते विझार्ड लोकांची जादूच अनैसर्गिक मानतात, म्हणजे कंदिलावर भडकायचा हक्क खरं तर फक्त त्यांना. वॉर्डन्स ऑफ द वुड हे सगळ्यात मोठे आणि त्यातल्या त्यात समजूतदार, शेतकऱ्यांना सांभाळून जंगल राखणारे, त्यांचा प्रमुख तर एक बोलणारं झाड आहे. चिल्ड्रन ऑफ विंटरना रोगराई आणि मरण हेच नैसर्गिक वाटतं, म्हणजे ते तुमच्या हीलिंग पोशनवरही नाक मुरडतील. गेटकीपर्सना दुसऱ्या मितीतून येणारे राक्षस रोखायचेत, त्यांना तुमच्या रेल्वेशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे "मी ड्रुइड आहे म्हणून मला यंत्र नको" हे उत्तर चालणार नाही, त्याला नीट सांगावं लागेल की नक्की कशावर राग आहे.

आणि लाइटनिंग रेलवर रागवायला कारण आहेच रे. ती गाडी कोळशावर नाही चालत, हवेच्या एलेमेंटलला, म्हणजे हवेच्याच बनलेल्या जिवाला, क्रिस्टलमधे बांधून ठेवतात आणि त्याच्या जोरावर ती पळते. त्या बांधलेल्याला आत काय वाटतं यावर त्या जगातही एकमत नाही. हा आक्षेप घट्ट आहे, पण मग तो बैलगाडीत बसतो का ते विचार. बैलाच्या नाकातली वेसण चालते आणि एलेमेंटलची बेडी नाही, तर फरक काय? या प्रश्नावर त्याचं कॅरॅक्टर घडेल, नुसत्या नाही-नाही म्हणण्यावर नाही.

शिवाय तो अकराव्या लेव्हलला पोचला की त्याला ट्रान्सपोर्ट व्हाया प्लांट्स हा मंत्र मिळणार, म्हणजे या झाडात शिरायचं आणि पाहिलेल्या कुठल्याही दुसऱ्या मोठ्या झाडातून बाहेर पडायचं, अंतर कितीही असो. झाडाला विचारलंस का बाबा? प्लांट ग्रोथ तर त्याच्याकडे पाचव्या लेव्हललाच येतो, आठ तास बसून तो कास्ट केला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतलं पीक वर्षभर दुप्पट. हे खत नाही तर काय आहे? मी त्याच्या जागी असते तर याच गोष्टी पार्टीतल्या आर्टिफिसरने, म्हणजे जादूची यंत्रं बनवणाऱ्याने, मला तोंडावर ऐकवाव्यात अशी वाट बघत बसले असते, कारण असं भांडण सेशनचा अर्धा तास खातं आणि कोणीच कंटाळत नाही.

आता तुझ्या चालण्याचं. त्याच्या नकाराची किंमत सगळ्यांनी मोजायची हे बंद कर. पार्टी रेलने जाऊ दे, तो पक्षी होऊन छपराच्या वरून उडत येऊ दे, लेव्हल आठच्या खाली असेल, म्हणजे उडणारं रूप अजून मिळालं नसेल, तर हरीण होऊन धावत येऊ दे आणि दमू दे. आणि एकदा स्टेशनात बंधन तुटून एलेमेंटल मोकळं होऊ दे, प्लॅटफॉर्मवर माणसं अडकलेली, आणि त्याच्याशी बोलायला तयार असलेला एकटा हाच. तिथे तो काय करतो ते बघ आणि मला कळव.

ड्रुइड लोखंडाचं चिलखत घालू शकतो की नाही? आमच्याकडे नेरूळला यावरून दोन गट पडलेत, एकाने तर सेशनच सोडलं.

सेशन सोडण्याएवढं काही नाहीये त्यात. गेमच्या २०१४ च्या नियमपुस्तकात वाक्य असं की ड्रुइड धातूचं चिलखत किंवा ढाल घालणार नाही. घातलं तर काय होतं ते लिहिलेलंच नाही, ना जादू जाते ना काही, तो "घालणार नाही" म्हणजे त्याची तत्त्वाची गोष्ट. २०२४ च्या नव्या पुस्तकात ही अटच काढून टाकली. तेव्हा तुमचे दोन्ही गट बरोबर आहेत, फक्त पुस्तकं वेगळी आहेत.

पण मला या नियमाचं आधीपासून हसू येतं, कारण हाच ड्रुइड सिमिटर, म्हणजे वाकडी तलवार, मात्र चालवतो. सिमिटर काय बांबूची असते? चिलखत अधर्म आणि तलवार चालते. ज्या केल्टिक समाजातून ड्रुइड ही कल्पना आली ते लोक लोखंडाच्या कामात एक नंबरचे होते, कड्यांत कड्या गुंतवलेलं चिलखत त्यांनीच आधी केलं असं मानलं जातं. रोमन लेखक प्लिनीने ड्रुइड सोन्याच्या विळ्याने मिसलटो, म्हणजे झाडावरचं बांडगूळ, कापतात असं लिहिलंय, म्हणजे तिथेही धातू आहेच.

आणि जंगलातले लोक म्हणजे धातूपासून लांब, हे तर आपल्या देशात अजिबातच खरं नाही. मध्य प्रदेश-छत्तीसगडचे अगरिया पिढ्यानपिढ्या मातीच्या भट्टीत लोखंड गाळत आले, पायाने भाते दाबत, जंगलातल्याच लाकडाचा कोळसा वापरून, आणि लोहासुराला पुजत. झारखंडचे असुरही तसेच. तुला खरंच भारी ड्रुइड पंथ बनवायचा असेल तर असा बनव, ज्यांच्यासाठी भट्टी हेच देऊळ आहे, आणि ज्यांचा राग लोखंडावर नसून बाहेरून येऊन अख्खा डोंगर उचलून नेणाऱ्यावर आहे. मग ड्रुइड प्लेट आर्मरमधे आला तरी कोणी भांडणार नाही, उलट विचारतील की हे कोणी घडवलं, खनिज कुठल्या डोंगरातलं.

माझा मुलगा नववीत आहे, ऐरोलीत सोसायटीतल्या मुलांना तो खेळवतो. त्याच्या गोष्टीत जंगलवाले कायम चांगले आणि इंजिनिअर कायम व्हिलन, जंगल जाळणारे, दात विचकणारे. मी स्वतः एमआयडीसीत इंजिनिअर आहे. त्याला समजावू का, की गेमच आहे म्हणून सोडून देऊ?

तुम्ही समजावू नका, तुम्ही एक दिवस त्याच्या टेबलावर जाऊन बसा आणि इंजिनिअरचा रोल मागून घ्या. नोम घ्या, ही गेममधली बुटकी माणसं, अशा कामात मस्त असतात. आणि दात न विचकता खेळा. तुमचा नोम धरण बांधतोय कारण खालच्या गावात दर उन्हाळ्याला विहिरी आटतात आणि बायका रात्री दोनला उठून पाण्याला जातात, आणि त्याला माहितीये की वरचं देवराईचं टोक पाण्याखाली जाणार. त्याने ते लपवलेलं नाही, तो नकाशा घेऊन ड्रुइडकडेच आलाय. मुलाला उत्तर द्यायला जड जाईल बघा.

दुसरं म्हणजे जंगलाच्या बाजूने उभं असलेलं यंत्र दाखवा. तुमच्या समोरच्याच बाजूला, येऊर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, झाडाच्या खोडाला कॅमेरा ट्रॅप बांधलेले असतात, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून कुठला बिबट्या कुठे फिरतो ते कळतं. २०२१ मधे तर काही बिबट्यांना रेडिओ कॉलरही लावल्या. त्याच जंगलातल्या पाड्यांवर वाघोबाला मानणारे वारलीही राहतात. आता मुलाला विचारा, तुझा ड्रुइड बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधू देईल का, बांधल्याने बिबट्या वाचणार असेल तरी? मला स्वतःला वाटतं बांधू देईल पण रात्रभर झोपणार नाही. त्याला काय वाटतं ते त्यालाच ठरवू दे.

व्हिलन हवाच असेल तर असू दे, तेवढं मात्र मुलांच्या मनासारखं होऊ द्या. फक्त तो यंत्र बनवणारा नको, दुसऱ्याच्या जंगलातून पैसा काढून स्वतः लांब राहणारा करा.

ड्रुइड शहरात राहू शकतो का? (कळव्याहून)

हो. वेअरवुल्फ द अपोकॅलिप्स नावाचा गेम १९९२ मधे आला, त्यात निसर्गासाठी लढणाऱ्या लांडगेमाणसांची ग्लास वॉकर्स नावाची अख्खी टोळी शहरात राहते आणि कॉम्प्युटर वापरते, आणि माणसांचा द्वेष करणाऱ्या रेड टॅलन्सना ते डोळ्यासमोर नको असतात. एकाच बाजूचे असून. तू कळवा स्टेशनबाहेरच्या पिंपळावर ड्रुइड बसव, घुशींशी बोलू दे, गर्दीच्या वेळी मिळेल ती बातमी त्याला आधी मिळेल.

मला आपल्या खाडीसारख्या जागेत कॅम्पेन, म्हणजे बरेच सेशन चालणारी गोष्ट, करायचंय. फ्लेमिंगो, खारफुटी, एका बाजूला कारखाने. पण फॅक्शन्स, म्हणजे गोष्टीतले गट, नुसते "निसर्गवाले" आणि "विकासवाले" होतायत, बोअर वाटतंय. आयडिया द्या. (वाशी)

हे पत्र वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला, म्हणून इथे जरा जागा खाते.

निसर्गवाल्यांमधेच भांडण लाव. आपल्याकडे ठाणे-रायगडात खारभूमी असते ना, खाडीच्या कडेला मातीचा बांध घालून आत भातशेती. त्या बांधाला उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायची वाट, आणि तिला झडप. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी आतून झडप ढकलतं आणि निघून जातं. मोटर नाही, वीज नाही, माणूस उभा राहायला नको, समुद्रच ती उघडतो आणि समुद्रच ती लावतो. तुझ्या पहिल्या फॅक्शनची टेक्नॉलॉजी ही. हे बांधवाले निसर्गपूजकच आहेत, भरतीच्या देवीला नारळ देतात, पावसाळ्याआधी सगळं गाव मिळून बांधावर माती टाकतं आणि खेकड्यांची बिळं बुजवतं.

दुसरी फॅक्शन खारफुटीवाल्यांची. त्यांचं म्हणणं, हा बांध घातलात तिथे आधी आमची झाडं होती. आणि मग एका पावसाळ्यात बांधाला खांड पडते, कोणी पाडली की खेकड्याने पाडली ते पार्टीने शोधायचं, खारं पाणी आत येतं, भात गेला, आणि काही वर्षांत त्याच शेतात खारफुटी उगवते. रायगडात हे खरंच झालंय. आता ते शेत की जंगल? शेतकऱ्याला झाड तोडून बांध परत घालायचाय, ड्रुइड म्हणतो इथे आता मासळीची पिल्लं वाढतायत, कोळी ड्रुइडच्या बाजूने आहेत पण त्यांची सोयरीक शेतकऱ्याच्या घरात आहे. खरी बाजू कुठली ते तू ठरवू नकोस, प्लेयर्सना ठरवू दे आणि जे ठरवतील त्याचा त्रास कोणालातरी होऊ दे.

आणि फ्लेमिंगो. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मधे जाहीर झालं आणि २०२२ मधे ती रामसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, जागा झाली, हे तुला माहीत असेल. पण अभ्यासक असंही सांगतात की खाडीत येणाऱ्या सांडपाण्यामुळे जे शेवाळ माजतं त्यावर हे पक्षी पोसतात. म्हणजे घाण आहे म्हणून गुलाबी पक्षी आहेत, निदान काही प्रमाणात तरी. हे जसंच्या तसं उचल. तुझ्या गोष्टीत पवित्र पक्षी असू देत, त्यांच्यामुळे अख्ख्या ड्रुइड पंथाची श्रद्धा टिकून आहे, आणि कारखान्यातली एक अल्केमिस्ट बाई येऊन म्हणते की मी पाणी साफ करायचं यंत्र बनवलंय, फुकट देते. पंथाच्या म्हातारीला माहितीये की पाणी साफ झालं तर पक्षी कदाचित येणारच नाहीत. ती हे कोणाला सांगत नाही. पार्टीला ती सांगते ते असं, की त्या बाईचं यंत्र शापित आहे, जाऊन मोडा.

तिसऱ्या सेशनपर्यंत खरं कळू देऊ नकोस.

निसर्गवाल्या फॅक्शनला लढाईत यंत्रं मोडायला काय देऊ? दर वेळी आगच लावतात. (कोपरी)

आग तर जंगलवाल्यांनी लावूच नये ना, तीच मजा आहे. हीट मेटल हा धातू तापवायचा मंत्र ड्रुइडच्या लिस्टमधे आहे, चाव्या, बिजागऱ्या, सैनिकाचं चिलखत, काहीही तापवता येतं आणि एक पानही जळत नाही. आणि रस्ट मॉन्स्टर पाळू देत. लोखंड खाणारं जनावर आहे, २०१४ च्या नियमात त्याला साध्या लोखंडी हत्याराने मारलं तर हत्याराच्या डॅमेजला दर वेळी उणे एक, आणि उणे पाच झालं की हत्यार गेलं. गंमत म्हणजे ही धातू खाणारी कल्पना गेमच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सला हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून सुचली होती. पाच-सहा पिल्लं एका मालगाडीच्या डब्यात सोड, आणि ती पार्टीच्या फायटरच्या अंगावर आधी जातात की इंजिनावर, यासाठी डाइस टाक.