प्रवासी वाढले, फेऱ्या घटल्या: कॅनडातल्या विमानतळांचे आकडे कसे वाचायचे

मूळ प्रश्न असा: कॅनडातल्या विमानतळांवर विक्रमी गर्दी असल्याच्या बातम्या येतात, मग उत्तर ऑन्टारिओतल्या छोट्या शहरातून टोरोंटोला जाणारी विमानं पूर्वीपेक्षा कमी का? आणि टोरोंटो-मुंबई बिनथांब्याचं विमान टिकलं का नाही?

आधी 'विक्रमी' हा शब्द तपासू. टोरोंटो पियर्सनवर 2019 मध्ये सुमारे 5 कोटी 5 लाख प्रवासी होते, 2024 मध्ये सुमारे 4 कोटी 68 लाख. म्हणजे सर्वांत मोठा विमानतळ तेव्हाही जुन्या उंचीवर पोचला नव्हता. मॉन्ट्रियल मात्र 2 कोटी 3 लाखांवरून 2 कोटी 24 लाखांवर गेलं. कॅल्गरीने 2019 चा आकडा 2023 मध्येच ओलांडला, कारण वेस्टजेट या विमान कंपनीने 2022 पासून पूर्वेकडचा पसारा आवरून विमानं पश्चिमेत, मुख्यतः कॅल्गरीत, आणली. तीन तासांवरचं एडमंटन 2023 मध्येही 2019 च्या मागेच होतं. देशभराची वाढ सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. विमान कंपनीने मुक्काम कुठे ठेवला, यावर ती ठरते.

आता मोजणी. विमानतळ 'प्रवासी' म्हणून चढणारे आणि उतरणारे दोन्ही मोजतात. हॅलिफॅक्सहून टोरोंटोत विमान बदलून व्हँकुव्हरला गेलेला एक माणूस हॅलिफॅक्सला एकदा, टोरोंटोत दोनदा (उतरताना आणि चढताना) आणि व्हँकुव्हरला एकदा मोजला जातो. परत आला की एकूण आठ. त्यामुळे सगळ्या विमानतळांची बेरीज करून 'इतक्या लोकांनी प्रवास केला' म्हणणं साफ चूक आहे. विमान बदलण्याचा तळ जितका मोठा, तितका त्याचा आकडा फुगलेला. स्टॅटिस्टिक्स कॅनडा आठ मोठ्या विमानतळांचे सुरक्षा तपासणीचे मासिक आकडे देते, त्यांची जात वेगळी: त्यात तपासणी नाक्यातून गेलेलेच येतात, उतरणारे येत नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवून टक्केवारी काढू नका.

छोट्या शहराचं गणित यापेक्षा सोपं आहे, आणि कडूही. समजा एका गावातून रोज दोन फेऱ्या आहेत, 78 आसनी क्यू 400 विमानाच्या. जाऊन-येऊन रोज चार उड्डाणं, वर्षाला 1,13,880 आसनं. पंचाहत्तर टक्के भरली तर सुमारे 85,400 प्रवासी. आता कंपनी बदलली आणि 174 आसनी बोईंग 737 आठवड्याला सहा फेऱ्या करू लागलं: वर्षाला 1,08,576 आसनं. स्वस्त तिकिटामुळे 85 टक्के भरली तर सुमारे 92,300 प्रवासी. विमानतळ अभिमानाने सांगेल की प्रवासी आठ टक्क्यांनी वाढले. प्रत्यक्षात आठवड्याच्या चौदा फेऱ्यांच्या सहा झाल्या. सकाळी टोरोंटोत डॉक्टरकडे जाऊन संध्याकाळी परतायची सोय गेली, आणि एक विमान रद्द झालं तर पुढचं दुसऱ्या दिवशी, कधी परवा. म्हणून प्रवासीसंख्येच्या आधी आठवड्याच्या फेऱ्या आणि त्यांच्या वेळा पाहा.

काही ठिकाणी तर तेवढंही उरलं नाही. 30 जून 2020 रोजी एअर कॅनडाने 30 देशांतर्गत प्रादेशिक मार्ग अनिश्चित काळासाठी थांबवले आणि आठ ठिकाणचं कामकाज बंद केलं. नॉर्थ बे आणि किंग्स्टन त्यांतलेच. कारण कोविडचं असलं तरी त्याआधीही हे मार्ग काठावरच चालत होते. छोट्या विमानात वैमानिकांचा पगार, उतरण्याचं शुल्क आणि हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढण्याचा खर्च कमी आसनांवर वाटला जातो.

त्यात शुल्कांचा भार. 1992 पासून मोठे विमानतळ एकेक करून ना-नफा स्थानिक प्राधिकरणांकडे गेले, पण जमीन केंद्र सरकारची राहिली. तिचं भाडं ढोबळ उत्पन्नावर टप्प्याटप्प्याने लागतं: पहिल्या 50 लाख डॉलरना शून्य, 25 कोटींपुढच्या उत्पन्नावर 12 टक्के. भागभांडवल उभारता येत नाही, त्यामुळे बांधकामाचा पैसा कर्जातून येतो आणि कर्ज तुमच्या तिकिटावरच्या विमानतळ सुधारणा शुल्कातून फिटतं. त्याशिवाय हवाई सुरक्षा शुल्क: 1 मे 2024 पासून देशांतर्गत एकेरी प्रवासाला 9.94 डॉलर, अमेरिकेसाठी 16.89, इतर परदेशासाठी 34.42. ही शुल्कं अंतराप्रमाणे बदलत नाहीत. पाच तासांच्या उड्डाणात ती खपून जातात, पण पाऊण तासाच्या उड्डाणात तिकिटाचा मोठा हिस्सा खातात, आणि मग लोक गाडी काढतात. छोट्या मार्गांचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी विमान कंपनी नाही, हायवे आहे.

नव्या कंपन्या का येत नाहीत? येतात, पण टिकत नाहीत. लिंक्स एअर फेब्रुवारी 2024 मध्ये बंद पडली, कॅनडा जेटलाइन्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि स्वूप 2023 मध्ये वेस्टजेटमध्येच विरघळली. जोमाने वाढली ती पोर्टर, 2023 पासून आलेल्या एम्ब्रेअर ई 195-ई 2 जेट विमानांच्या जोरावर. पण तीही मोठ्या शहरांच्या जोड्यांत रमली, गावांच्या वाट्याला फारशी आली नाही.

मुंबईचं. अडसर परवानगीचा नाही. नोव्हेंबर 2022 च्या भारत-कॅनडा करारापूर्वी प्रत्येक देशाच्या कंपन्यांना आठवड्याला 35 उड्डाणांची मर्यादा होती, ती काढली गेली आणि कॅनडाच्या कंपन्यांसाठी खुल्या शहरांत मुंबईही आहे. जुलै 2017 मध्ये एअर कॅनडाने टोरोंटो-मुंबई थेट सेवा सुरूही केली होती. अडचण आहे ती अंतराची: सरळ मार्गानेही सुमारे 12,500 किलोमीटर. फेब्रुवारी 2022 पासून कॅनडाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, त्यामुळे भारताकडे वळसा घ्यावा लागतो. वळसा म्हणजे जास्त इंधन, आणि वजनाची मर्यादा गाठली की काही आसनं किंवा माल कमी. शिवाय आपला बहुतांश प्रवासी भाडं बघून तिकीट काढतो, आणि आखाती व युरोपीय कंपन्या एका थांब्याने तेच काम स्वस्तात करतात. विमान भरलेलं असूनही मार्ग तोट्यात जातो तो असा.

तिकीट काढताना गावापासून मुंबईपर्यंत सगळं एकाच बुकिंगवर घ्या. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी तेव्हा कंपनीवर येते. कारण कंपनीच्या हातातलं असेल आणि मूळ वेळेपासून नऊ तासांत तिला आपलं किंवा भागीदाराचं विमान देता येत नसेल, तर मोठ्या कंपनीने दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं द्यायला हवं. दोन वेगळ्या तिकिटांवर यातलं काही मिळत नाही. गावची फेरी दिवसाला एकच असेल तर हिवाळ्यात आदल्या दिवशी टोरोंटोत पोचा. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर नेवार्क किंवा शिकागोमार्गे जायला अमेरिकेचा व्हिसा लागतो, कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलं तरी. पियर्सनवर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्याआधीच होते, त्यामुळे अडवणूक तिथेच होईल.

पुढे मासिक आकडे पाहायचे झाल्यास तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि ईस्टरची सुट्टी मार्चमध्ये होती की एप्रिलमध्ये हे बघा. ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या केबिन कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो महिना बाजूला ठेवलेला बरा. देशांतर्गत, अमेरिका आणि इतर परदेश हे तीन रकाने वेगवेगळे वाचा. 2025 मध्ये अमेरिकेकडची वर्दळ घटली असताना नुसती एकूण बेरीज पाहिली तर ती घट दिसतच नाही.