मावशीची किडनी मावशी म्हणूनच घ्या

प्रश्न: मी 24 वर्षांची, राहणार धायरी. दोन्ही किडन्या निकामी आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. वडील नाहीत, आईला मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी नकार दिला, भाऊ सतरा वर्षांचा. साताऱ्याची मावशी किडनी द्यायला तयार आहे, पण काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, विरोध आहे. रुग्णालयाबाहेर भेटलेला एक जण म्हणतो, ‘मावशी कायद्यात बसत नाही. तिला आई दाखवू, आधार कार्डाचं मी बघतो.’ शिवाय मावशीचं शिवणकाम काही महिने बंद राहील. तिला त्याचे पैसे दिले तर चालेल का?

उत्तर: त्या माणसाशी बोलणं आजपासून बंद करा. तो अर्धंच खरं सांगतो. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, मुलं, आईवडील, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. मावशी, मामा, आत्या, काका त्यात नाहीत. आपल्याकडची घरं बघून यादी केली असती, तर मावशीचा नंबर बराच वर लागला असता. पण यादीत नाही म्हणजे मनाई आहे असं नाही. कलम 9(3) प्रमाणे आपुलकीपोटी कुणीही सज्ञान व्यक्ती अवयव देऊ शकते, त्यासाठी प्राधिकार समितीची आधी मंजुरी लागते, एवढंच. भाऊ अज्ञान आहे, त्याचा विचार सोडा.

मावशीला आई दाखवणं मात्र सरळ गुन्हा आहे. खोटं नातं दाखवणारी कागदपत्रं करायला मदत करणाराही कलम 19 मध्ये अडकतो. शिक्षा पाच ते दहा वर्षांची, दंड वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत. 2022 मध्ये पुण्यातच एका महिलेला रुग्णाची पत्नी दाखवून किडनी घेतली गेली. ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून तीच तक्रार घेऊन पुढे आली आणि डॉक्टरांसह अनेकांवर गुन्हा दाखल झाला. समित्या तेव्हापासून कागद बारकाईने बघतात, हे धरूनच चाला.

आता पैशांचं. अवयवाची किंमत देणं गुन्हा आहे, पण दान करताना झालेला खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं कायद्याने ‘मोबदल्या’तून वगळलं आहे. म्हणून साताऱ्याचं येणं-जाणं, तपासण्या, शिवणकामाचं नुकसान हे देता येईल. मात्र पैसे बँकेतूनच द्या आणि मावशीच्या नेहमीच्या कमाईला धरून द्या. महिन्याला आठ-दहा हजार मिळवणाऱ्या बाईला दोन लाख दिलेत, तर ते नुकसान कुणी मानणार नाही. समिती दोघींच्या मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागते. मावसभावाच्या फीसाठी वगैरे तुम्ही गेल्या काही महिन्यांत मावशीच्या खात्यावर रक्कम टाकली असेल, तर पासबुकात ती दिसणारच. विचारायच्या आधी तुम्हीच सांगा, पावती जोडा.

नात्याचा पुरावा म्हणून आई आणि मावशी एका आईवडिलांच्या, हे दाखवणारे शाळेचे दाखले किंवा जुनं रेशनकार्ड शोधा. जुने फोटोही चालतात, नियमांतच त्यांचा उल्लेख आहे. तुमच्या बारशाचा, मावशीच्या मांडीवरचा फोटो असेल तर तोच काढा. अर्ज तुम्ही दोघींनी मिळून करायचा. रुग्णालयात वर्षाला 25 किंवा जास्त प्रत्यारोपणं होत असतील तर समिती तिथलीच असते, नाहीतर बाहेरच्या समितीकडे जावं लागतं. ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर सांगेल.

खरी अडचण काकांची आहे. पतीची परवानगी हवीच असं कायदा म्हणत नाही. किडनी मावशीची, संमती तिची. पण समिती दात्याच्या जवळच्या नातलगाशी बोलते आणि त्याची हरकत नोंदवून घेते. दाता स्त्री असेल तर तिच्यावर दबाव नाही ना, हे जास्तच काटेकोरपणे पाहिलं जातं. त्यामुळे काकांना टाळून अर्ज करू नका. त्यांना नेफ्रॉलॉजिस्टसमोर बसवा. त्यांची भीती बहुधा ‘हिचं पुढे काय’ हीच असेल, आणि त्याचं उत्तर वकिलापेक्षा डॉक्टर चांगलं देतील. तरीही ते अडून बसले, तर मावशीने समितीसमोर एकटीने, स्वतःच्या शब्दांत कारण सांगावं. तुम्ही तिला वाक्यं पढवू नका.

दरम्यान रुग्णालयामार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवून ठेवा. मावशीचा अर्ज चालू असताना ते करता येतं.

बैठक झाली की समितीने 24 तासांत निर्णय द्यायचा असतो. नकार आला तर तो कारणांसह लेखी घ्या. आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.