चर्चच्या बाकांना खाचा कशासाठी?

प्रश्न : मागच्या महिन्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला गेलो होतो, पाहुण्यांनी कुलाब्याचं अफगाण चर्च दाखवलं. बाकांना खाचा दिसल्या, त्या कशाला असतील? आणि मी सोलापुरात मिशनच्या शाळेत शिकलो, पण आमच्या इथलं चर्च आतून एकदम साधं, सभागृहासारखं, मग हे इतकं वेगळं कसं काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खाचा तुमच्या नजरेत भरल्या हे फार छान झालं, कारण बहुतेक लोक वर रंगीत काचाच बघत बसतात. त्या खाचा बंदुका टेकवायच्या आहेत. 10 मे 1857 ला मेरठला उठाव झाला तो रविवार होता, गोरे सोल्जर चर्चला बिनहत्यारी जायचे, त्यानंतर मात्र प्रार्थनेलाही बंदूक सोबत न्यायची असा हुकूमच निघाला. मग गुडघे टेकताना बंदूक ठेवायची कुठं, म्हणून बाकालाच सोय केली. परत गेलात तर त्या लाकडावरून एकदा बोट फिरवून बघा, देवाच्या दारात बसलेल्या माणसाची भीती तिथं कोरून ठेवलीय असं मला तरी दरवेळी वाटतं.

त्या चर्चचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. इंग्रजांच्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या आठवणीसाठी ते बांधलं, 1847 ला पाया घातला आणि 1858 ला चर्च उपासनेसाठी खुलं झालं, पण मनोरा पुरा व्हायला 1865 उजाडलं. 198 फूट उंच, बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबून दिसायचा. आराखडा हेन्री कॉनीबेअरचा, आणि मुंबईला विहार तलावाचं पाणी आणायची योजना आखणारा इंजिनिअर पण हाच बरं का!

आता फरकाचं. अफगाण चर्च अँग्लिकन पंथाचं, म्हणजे इंग्लंडच्या राजाचं चर्च, त्यांच्यात प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीची) वेदी मुख्य. म्हणून लांबट सभामंडप, दोन्ही बाजूला खांब आणि टोकदार कमानी, आणि टोकाला वेदीची वेगळी जागा, आपल्या देवळात मंडपातून गाभाऱ्याकडं नजर जाते ना, अगदी तसंच. वेदीकडची फरशी बघितली असेल तर ती इंग्लंडहून आणलेली, नक्षी वरून रंगवलेली नाही, वेगळ्या रंगाची माती भरून भाजलेली, त्यामुळं वरचा थर झिजला तरी नक्षी लगेच जात नाही.

सोलापूरला काम केलं ते अमेरिकन मराठी मिशननं, ते काँग्रिगेशनल लोक, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच बघायचा असं मानणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात बायबल वाचणं आणि प्रवचन ऐकणं हेच मोठं, मग सगळ्यांना पाळक, म्हणजे प्रवचन देणारा धर्मगुरू, दिसला पाहिजे, शब्द न शब्द ऐकू आला पाहिजे, म्हणून सभागृहासारखी बांधणी. वरनं ते मराठीत भजन म्हणणाऱ्या मंडळींसाठी होतं, छावणीतल्या गोऱ्यांसाठी नव्हतं. साधं आहे म्हणून कमी समजू नका, मला तर तिथं बसून मराठी उपासना ऐकायला जास्त आवडतं.

बाकी हे दोन्ही घराणे आता वेगळे राहिले नाहीत, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं त्यात अँग्लिकन पण आले आणि अमेरिकन मिशनची मंडळी पण.