ओलाव्याचा कॉलम कोणत्या टेबलात आहे?

प्रश्न : परभणीच्या मोंढ्यात आमचे आडतीचे दुकान आहे. हिशेबपट्टीचे सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालते. ते तयार करून देणारे गृहस्थ आता संपर्कात नाहीत. सोयाबीनच्या ओलाव्याचे आकडे मला वेगळे काढायचे आहेत, परंतु दीडशेच्या वर टेबले आहेत आणि एकेक उघडून पाहताना दोन संध्याकाळी गेल्या. सर्व टेबलांतील कॉलमांची नावे एकत्र पाहता येतात का?

उत्तर : येतात, आणि त्यासाठी एकही टेबल उघडावे लागत नाही. कोणत्या टेबलात कोणते कॉलम आहेत, ही माहिती डेटाबेस स्वतःजवळ टेबलांच्याच रूपात ठेवतो. अशा टेबलांच्या (रिलेशनल) डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड यांनी 1985 मध्ये सांगितलेल्या बारा नियमांपैकी चौथा नियम हेच सांगतो. मायएसक्यूएलमध्ये ही टेबले 'इन्फर्मेशन स्कीमा' या नावाखाली असतात. त्यातील 'कॉलम्स' या टेबलावर आपण पट्टीच्या टेबलावर चालवता तशीच सिलेक्ट क्वेरी चालवावी, टेबलाचे नाव, कॉलमचे नाव आणि डेटा टाइप मागावेत व कॉलमच्या नावावर 'लाइक'ची, म्हणजे नावाचा काही भाग जुळवणारी, अट घालावी. 'टेबल स्कीमा'ची, म्हणजे कोणता डेटाबेस हवा याची, अट मात्र विसरू नये, कारण मायएसक्यूएल त्या सर्व्हरवरील सर्व डेटाबेसांचे कॉलम एकत्र दाखवते आणि मागील वर्षाची प्रत तेथेच ठेवलेली असेल तर प्रत्येक नाव दोनदा येईल.

शोध एकाच शब्दावर थांबवू नये. आपल्याकडील प्रोग्रॅमर हमाली, तोलाई ही नावे रोमन लिपीत जशीच्या तशी लिहितात आणि शेजारच्याच कॉलमला इंग्रजी नाव देतात. तेव्हा ओलावा आणि मॉइश्चर या दोन्ही शब्दांची पहिली तीन-चार अक्षरे घेऊन पाहावे. 'लाइक'मध्ये अंडरस्कोर म्हणजे कोणतेही एक अक्षर असा अर्थ होतो, त्यामुळे अंडरस्कोरसकट नाव शोधल्यास अनपेक्षित कॉलमही यादीत येतात. यादी अपुरी वाटली, तर आपले लॉगिन तपासावे. ज्या टेबलांवर त्या लॉगिनला अधिकार नाही, ती टेबले इन्फर्मेशन स्कीमा दाखवतच नाही आणि तशी सूचनाही देत नाही.

कॉलम सापडला की डेटा टाइप अवश्य पाहावा. तो डेसिमल, म्हणजे दशांश संख्या, असेल तर प्रश्न नाही. व्हारकॅर, म्हणजे मजकूर, असेल, तर उतरत्या क्रमाने लावलेल्या यादीत 9 टक्के ओलाव्याचा माल 12 टक्क्यांच्या वर दिसेल, कारण तेथे संख्या नव्हे तर अक्षरे लावली जातात. अशी यादी पाहून एखाद्या शेतकऱ्याच्या मालात कटती लावली गेली, तर दोष यादीचा असला तरी बोलणी आपल्याला खावी लागतील. 'टेबल्स' या टेबलात ओळींची संख्याही दिसते, पण इनोडीबी प्रकारच्या टेबलांसाठी ती केवळ अंदाज असते. तिच्यावरून पोत्यांचा हिशेब जुळवू नये.

कोणते टेबल कोणाशी जोडलेले आहे, हे 'की कॉलम यूसेज'मध्ये मिळते, मात्र फॉरेन की, म्हणजे एका टेबलाचा कॉलम दुसऱ्या टेबलाशी बांधणारी अट, प्रत्यक्ष घातलेली असेल तरच. जुन्या मायआयसॅम प्रकारच्या टेबलांत ती लिहिली तरी दुर्लक्षिली जाते, म्हणून तेथे रिकामी यादी आली याचा अर्थ टेबलांचा एकमेकांशी संबंध नाही असा घेऊ नये.

अर्थ लागलेल्या कॉलमला लगेच शेरा (कॉमेंट) जोडून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तो 'कॉलम्स'मध्येच वाचता येईल. शेरा घालण्यासाठी कॉलम बदलणारी 'मॉडिफाय' ही आज्ञा वापरताना कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते. 'नॉट नल' (कॉलम रिकामा चालणार नाही ही अट) किंवा डीफॉल्ट (आपोआप भरली जाणारी किंमत) लिहायचे राहिले तर ते निघून जातात. त्यामुळे आधी टेबलाची पूर्ण व्याख्या दाखवणारी 'शो क्रिएट टेबल' ही आज्ञा चालवून तेथील ओळ उचलावी, तिच्या शेवटी शेरा जोडावा आणि हे काम दुकान बंद झाल्यावर, बॅकअप घेऊन करावे.