घरी ठरवतो एक, चौघांत बोलतो भलतंच

"मॅडम, मी कच्च्या मनाचा माणूस हाये का?" यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कोरडवाहू शेती, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. वडील गेले तेव्हा आई, बायको आणि त्याने मिळून ठरवलं होतं की तेरवी घरच्यापुरतीच करायची. भावकीच्या बैठकीत मोठे काका म्हणाले, "गावजेवण तर द्याच लागते." बाकीच्यांनी माना डोलावल्या, यानेही 'हो' म्हटलं. पैसा सावकाराचा. आता वर्षश्राद्धाची बैठक तोंडावर आली होती आणि त्याची झोप उडाली होती.

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. एकटा असताना खर्ऱ्याला (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला) हात न लावणारा पोरगा ठेल्यावर मित्रांत बसला की पुडी सोडतो, ही आयांची तक्रारही त्यातलीच.

मी त्याला सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा 1951 चा प्रयोग सांगितला. दिलेल्या रेषेएवढी रेष तीन रेषांतून ओळखायची, इतकं सोपं काम. पण आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचं सांगायचे. त्यांचं ऐकून खऱ्या सहभागींची, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थ्यांची, साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकली. एकट्याने उत्तर देताना मात्र चूक जवळपास होतच नव्हती.

"म्हणजे शिकलेलेही असेच?" तो जरा सैलावला.

मग मी विचारलं, "मान डोलावणाऱ्यांपैकी किती जणांना ते जेवण खरंच हवं होतं?"

"असं कसं विचारता येते जी?"

खरी गाठ इथेच होती. त्याने त्यांच्या मान डोलावण्याला मनापासूनचा होकार समजलं, त्यांनी त्याच्या 'हो'ला. 'लोकांची पर्वा करू नका' हा सल्ला मी गावात देत नाही. तिरडीला खांदा याच भावकीचा असतो आणि डवरणीला (पिकातल्या कोळपणीला) बैलजोडीही तिच्याकडूनच मागावी लागते. अ‍ॅशच्याच प्रयोगात एकजण जरी खरं उत्तर देणारा सोबत असला, तरी चुका झपाट्याने कमी व्हायच्या. म्हणून म्हटलं, बैठकीआधी एकाशी मोकळं बोला, आणि बैठकीत काकांच्या आधी तोंड उघडा.

तो चुलतभावाला वावरात गाठून बोलला. त्याचंही आईच्या तेरवीचं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं! बैठकीत याने सुरुवातीलाच सांगितलं, "औंदा पाहुण्यापुरतंच करतो." चुलतभावाने दुजोरा दिला, मग आणखी दोघांनी. काका "पोरं शहाणी झाली" असं काहीसं पुटपुटले. वर्षश्राद्धाला आले, जेवले. पण अजून तुटक बोलतात. याला ते लागतं, पण झोप येते म्हणतो.

तेरवीचं कर्ज मात्र तसंच आहे. पुढच्या भेटीत त्या व्याजाचा हिशेब घेऊन बसायचं ठरलंय, आणि बायकोलाही सोबत आणायला मी सांगितलंय.