कुंदा आवडतो, तरी मुलगा ऐकत का नाही?

प्रश्न : माझा साडेपाच वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. खानापूरहून आम्ही त्याला आठवड्यातून दोनदा बेळगावला वर्तनोपचारासाठी नेतो. त्याला काय आवडते असे थेरपिस्टबाईंनी विचारल्यावर मी कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) सांगितला. दोन दिवस त्याने कुंद्यासाठी सांगितलेले केले, आता तोंड फिरवतो. बाई खाऊची चाचणी घेऊ म्हणतात. आईला मुलाची आवड कळत नाही का?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : कळते, परंतु घरी निवांत बसून खाल्लेला पदार्थ आणि ज्याच्यासाठी मूल खुर्चीवर बसून रंग ओळखते तो पदार्थ एकच असेल असे नाही. म्हणून पालकांना विचारण्यावर न थांबता मुलालाच निवड करू देतात.

डिलिऑन आणि इवाटा या वर्तन-अभ्यासकांनी 1996 मध्ये मांडलेली पद्धत यासाठी सोयीची आहे. कुंदा, चुरमुरे, केळे, शेव आणि बिस्किट यांचे शेंगदाण्याएवढे तुकडे एका ओळीत मांडायचे. मुलाने एक उचलून खाल्ला की त्याची जागा भरायची नाही. डावीकडच्या टोकाचा तुकडा उजवीकडे नेऊन, उरलेले सारखे करून पुन्हा निवडायला सांगायचे. जागा बदलण्याचे कारण असे, की काही मुले पदार्थ न पाहता नेहमी एकाच बाजूचे उचलतात. ही फेरी तीन ते पाच वेळा केली की पसंतीचा क्रम दिसतो. खेळणी मात्र या ओळीत ठेवू नयेत, कारण खाऊपुढे ती बहुधा मागे पडतात आणि मुलाला ती नकोतच असा चुकीचा समज होतो.

पहिला आलेला पदार्थही लगेच बक्षीस ठरत नाही. तो दिल्यावर मूल ते काम अधिक वेळा करते का, हे मोजून पाहावे लागते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. येताना बसमध्ये, रडू नये म्हणून, पुड्यातला कुंदा तुम्ही त्याला भरवता का? खव्याचा तो गोड पदार्थ दोन चमच्यांतच पोट आणि मन दोन्ही भरतो, आणि मग बाईंच्या हातातल्या तुकड्याला काही किंमत उरत नाही. त्याला उपाशी मुळीच ठेवू नका. जेवण वेळेवर द्या, फक्त चाचणीत वर आलेला पदार्थ त्या दिवशी घरी देऊ नका. काही आठवड्यांनी आवड बदलते, तेव्हा चाचणी पुन्हा घ्यावी. दूध किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी असल्यास बाईंना आधीच सांगा.