व्यसनींना नव्या सुया वाटण्यावर डावे-उजवे कधी एकत्र येतात का?
येतात, पण बहुतेक वेळा नाकातोंडात पाणी गेल्यावरच. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) बघा, २०१५ ला ऑस्टिन नावाच्या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावात पेनकिलरच्या गोळ्या विरघळवून टोचून घेणाऱ्यांमध्ये एकच सुई फिरत राहिली न एचआयव्ही पसरला, शेवटी आकडा २०० च्या वर गेला. तिथले तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स कट्टर रिपब्लिकन, म्हणजे उजवे, सुया वाटायला त्यांचा विरोधच, तरी मार्चमध्ये आणीबाणी जाहीर करून परवानगी दिली त्यांनी आणि लागण खूप कमी झाली. ड्रग्ज वाईटच हे त्यांचं मत काही बदललं नाही, आपलीच माणसं मरू नयेत एवढ्यावर जमलं, आणि माझ्या मते तेवढं पुरतं. २०२१ ला मात्र काउंटीच्या कारभाऱ्यांनीच २ विरुद्ध १ मतांनी सुया वाटणं बंद करायचं ठरवलं, याचं फार वाईट वाटतं.